मोडीतल्या पितळेची चाल

पितळेचे जुने पातेले मोडीत निघाले आणि त्याचा एक तुकडा कापून हातात घेतला, की त्याच्या एका अंगाला कल्हईची पांढरी झाक दिसते आणि दुसऱ्या अंगाला वर्षानुवर्षे चिंचेने घासलेला पिवळा रंग दिसतो. भांडे अखंड असताना हे दोन रंग एकमेकांशेजारी कधी येत नाहीत, कारण एक आत असतो आणि दुसरा बाहेर. तुकडा उन्हात उलटसुलट फिरवला तर मात्र पांढरी आणि पिवळी चमक आळीपाळीने डोळ्यांवर येते, आणि ज्याने खाडीच्या मुखाशी पेडवे या लहान रुपेरी माशांची झुंड एकाएकी वळताना पाहिली आहे, त्याला ही चमक ओळखीची वाटल्यावाचून राहत नाही. मोडीच्या धातूपासून मासे पकडण्याचे लूर, म्हणजे खोटी आमिषे, घडवण्याचा जो नाद मला लागला, त्याचे मूळ या दुरंगी तुकड्यात आहे. कोकणातल्या घराघरांतून निघालेल्या भांड्यांमध्ये तांबट आणि कल्हईवाले यांनी असे काही कसब आधीच भरून ठेवले आहे, की लूर घडवणाऱ्याचे निम्मे काम आयते झालेले असते, असे माझे अनुभवांती बनलेले मत आहे आणि तेच येथे सविस्तर मांडायचे आहे.

आमच्या देवगड-मालवण पट्ट्यात गरवणे ही काही नवी गोष्ट नव्हे. खडपावर, म्हणजे समुद्रकाठच्या कातळावर बसून तंगुसाला, म्हणजे मासे धरायच्या बारीक दोरीला गरी बांधायची, तिला कोळंबी किंवा माशाचा तुकडा लावायचा आणि बोटावर दोरी घेऊन वाट पाहायची, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या रीतीत आमिष खरे असते आणि माणूस स्थिर असतो. रीळ आणि लांब काठी हातात आल्यापासून दुसरी रीत रुजली. तीत आमिष खोटे असते आणि ते दूर फेकून सतत ओढत आणावे लागते. खोट्या आमिषाला वास नसतो, चव नसते. त्याच्याजवळ फक्त दोन गोष्टी असतात, एक चमक आणि दुसरी चाल. माशाच्या दोन्ही अंगांवरून जाणारी पार्श्वरेषा पाण्यातली बारीकशी थरथरही टिपते, त्यामुळे गढूळ पाण्यात जिथे चमक पोहोचत नाही तिथेही चाल पोहोचते. म्हणून लूर माशासारखा दिसण्यापेक्षा माशासारखा हलणे महत्त्वाचे. बाजारातले पुष्कळसे लूर डोळे, खवले आणि कल्ले रंगवून गिऱ्हाइकाला मोहात पाडतात. माझ्या मते ती सारी मेहनत माणसासाठी केलेली असते.

घरातल्या वस्तूंपासून लूर घडवण्याची परंपरा जगभर आहे आणि ती फार जुनी आहे. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे लोक शिंपल्याच्या आतल्या चकाकत्या थरापासून लूर कोरत असत आणि न्यूझीलंडचे माओरी पाउआ नावाच्या शिंपल्याची निळसर चमक त्यासाठी वापरत. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल याने १८५२ साली चमच्याच्या घाटाच्या लूरचे पेटंट घेतले. तळ्यावर नौकेत बसून जेवताना त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला आणि तो बुडता बुडता एका मोठ्या माशाने त्याच्यावर झडप घातली, अशी आख्यायिका त्याच्याविषयी सांगतात. ती खरी असो वा नसो, चमचा पाण्यात बुडताना जसा डोलत जातो तसे डोलणे सपाट पट्टीला साधत नाही, एवढे मात्र कोणीही बादलीत टाकून पाहू शकतो. फिनलंडच्या लाउरी रापाला याने १९३६ साली बुचाचा तरंगता मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चंदेरी वेष्टने चढवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. पुढे त्याच्या नावाची मोठी कंपनी झाली, पण आरंभी त्याच्यापाशी बूच, चाकू आणि टाकून दिलेले कागद एवढेच होते.

आपल्याकडे भंगार निवडताना पहिला प्रश्न वजनाचा येतो. खडपावरून वाऱ्याच्या तोंडावर फेकायचे तर वीस ग्रॅमच्या आतला लूर फार दूर जात नाही. ॲल्युमिनियम पाण्याच्या पावणेतीन पट जड आहे, पोलाद पावणेआठ पट, पितळ साधारण साडेआठ पट आणि तांबे जवळजवळ नऊ पट. त्यामुळे ॲल्युमिनियमची थाळी कितीही चकाकली तरी तिचा तुकडा हवेत तरंगत जातो आणि पाण्यात वर वर राहतो. मी तो घेत नाही. आठ सेंटिमीटर लांब, सव्वादोन सेंटिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर जाड असा पितळेचा पानाच्या आकाराचा तुकडा चोवीस ग्रॅमच्या आसपास भरतो आणि तो चोणक या खाडीतल्या शिकारी माशासाठी पुरेसा होतो. एवढी जाडी साध्या वाटीत किंवा ताटात सापडत नाही. ती सापडते हंड्याच्या बुडात, घंगाळाच्या काठाजवळ, मोठ्या तपेल्यात आणि कधीमधी आंघोळीच्या पाण्याच्या तांब्याच्या बंबात. स्टेनलेस स्टील आले तशी घरोघरची ही भांडी मोडीत देऊन स्टीलची घेण्याची लाट आली, आणि जी माळ्यावर उरली ती आता जुनी घरे पाडताना भंगारवाल्याकडे येतात. सुस्थितीतले भांडे मी कधी कापत नाही. ज्याचे बूड फुटले आहे, काठ चिरला आहे आणि ज्याला डाग देऊनही पाणी धरत नाही, तेवढेच माझे.

स्टेनलेस स्टीलचे डाव आणि चमचे सहज मिळतात, समुद्राच्या पाण्यात टिकतात आणि त्यांना घासावे लागत नाही. पण तंगुसाच्या आणि गळाच्या कड्या अडकवण्यासाठी त्यांच्या दोन्ही टोकांना छिद्र पाडणे हे चिकाटीचे काम आहे. ड्रिल वेगाने फिरवले आणि दाब कमी पडला तर त्या जागचा धातू घासून आणखी कठीण होतो आणि पातेच जळते; म्हणून आधी पंच मारून खळगा करायचा, वेग अगदी कमी ठेवायचा, थेंब थेंब तेल सोडायचे आणि एकदा सुरुवात केल्यावर दाब हलवायचा नाही. तांबे आणि पितळ हाताशी समजुतीने वागतात. मला त्यांच्याबरोबर काम करणे अधिक आवडते, हे मोकळेपणाने सांगतो.

कापण्याआधी तुकडा भांड्याच्या कोणत्या भागातून घ्यायचा हे ठरवण्यात माझा बराच वेळ जातो. पातेल्याची भिंत जिथे बुडाकडे वळते तिथे तांबटाने ठोकून ठोकून एक खोल, सलग वळण आणलेले असते. खडूने पानाचा आकार त्या वळणावर असा आखायचा, की पानाचा शेपटीकडचा तिसरा हिस्सा वळणात यावा आणि तोंडाकडचा भाग सरळ भिंतीत राहावा. मग पत्रा कापायच्या कात्रीने किंवा हॅक्सॉने कापून, कानशीने कडा घासून काढल्यावर हाती जो तुकडा येतो, त्याला लूरचा बाक आधीच मिळालेला असतो. आतली बाजू खोलगट आणि कल्हईची, बाहेरची फुगीर आणि पिवळी. असा बाक सपाट पत्र्यातून स्वतः ठोकून आणायचा तर लाकडी ओंडक्यात खळगा कोरून त्यात पत्रा ठेवून हातोडीने बसवत जावे लागते आणि दर थोड्या वेळाने धातू कडक होऊन हातोडीला उलट उत्तर देऊ लागतो.

हे कडक होणे तांबटाच्या कामाचा गाभा आहे. तांबे किंवा पितळ ठोकत गेले की ते आतून ताठर बनते आणि तसेच ठोकत राहिले तर तडकते. म्हणून ते मंद लाल होईपर्यंत तापवायचे आणि थंड होऊ द्यायचे, म्हणजे पुन्हा मऊ होते. पोलाद तापवून पाण्यात विझवले तर कडक होते; तांबे तापवून पाण्यात विझवले तरी मऊच राहते. पितळ मात्र मी हवेतच निवू देतो. तापवल्यावर चढलेला काळपटपणा चिंचेच्या कोळात भिजवून ठेवला की सुटतो. कल्हईचा तुकडा असेल तर हा उपाय चालत नाही, कारण कथील २३२ अंशांवर वितळते आणि लाल होईपर्यंत तापवलेल्या पितळेवर ते टिकत नाही. तिथे तांबटाने दिलेला बाक आहे तसाच स्वीकारावा लागतो, फार तर लाकडी हातोडीने थोडा उघडता किंवा मिटता येतो. या मर्यादेचा मला त्रास वाटत नाही. तुकडा जिथून घेतला तिथल्या वळणावर लूरचा स्वभाव ठरतो आणि एकाच पातेल्यातून निघालेले दोन लूर पाण्यात निरनिराळे वागतात.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम होते. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकसारखे ठोके देत, एका ठोक्याची कड दुसऱ्याच्या कडेला भिडवत, सगळ्या भांड्यावर ओळीने लहान लहान चकत्या उठवतात. त्याने पत्र्याला बळकटी येते आणि शोभाही येते. मोडीत मठारलेला तांब्या किंवा घंगाळ मिळाले तर मी त्या दिवशी दुसरे काही पाहत नाही. सपाट घासलेला लूर वळतो तेव्हा एकच मोठी लकाकी फेकतो आणि पुढचा क्षणभर अंधारा असतो. मठारलेल्या पत्र्यावरची प्रत्येक चकती वेगळ्या कोनात असल्यामुळे प्रकाश तुकड्यातुकड्यांनी, जरा पुढेमागे होत सुटतो आणि लकाकी सलग लुकलुकत राहते. तारलीच्या किंवा पेडव्याच्या अंगावर जी रुपेरी झळाळी असते ती त्यांच्या कातडीतल्या आणि खवल्यांतल्या ग्वानीन नावाच्या पदार्थाच्या पातळ स्फटिकांमुळे येते, आणि तीही अशीच असंख्य बारीक पृष्ठांवरून फुटून येते. तांबटाने हे माशासाठी केलेले नाही, पण त्याच्या हातोडीने माशाचे अंग नेमके साधले आहे.

कल्हईची गोष्ट तितकीच सुंदर आहे. पितळेच्या भांड्यात ताक, आमसुलाचे सार असे काही आंबट ठेवले की ते कळकते, म्हणून आतून कथलाचा थर द्यायचा. कल्हईवाला भांडे भट्टीवर तापवतो, त्यात नवसागराची पूड टाकतो, तिचा पांढरा धूर उठतो आणि धातूवरची मळी सुटते. मग कथलाची कांडी नुसती टेकवताच ती वितळते आणि कापसाच्या बोळ्याने हात फिरवताच पिवळे भांडे डोळ्यांदेखत पांढरे होत जाते. हा थर केसाहूनही पातळ असतो. कल्हईवाले आता आमच्या भागात क्वचितच फिरकतात. एखादा आलाच तर घरातल्या भांड्यांबरोबर मी कापून, घासून ठेवलेली पितळी पानेही त्याच्यापुढे ठेवतो आणि ती एकाच अंगाने कल्हई करून घेतो. भांड्यापेक्षा पान सांडशीत धरायला अवघड, पण हात बसलेला माणूस ते काम विडा लावण्याच्या सहजतेने उरकतो.

आता चालीविषयी. लूर ओढला जातो तेव्हा त्याच्या कडांवरून पाणी फुटून मागे भोवरे सुटतात, एकदा डाव्या कडेवरून आणि एकदा उजव्या कडेवरून, आणि प्रत्येक भोवऱ्याबरोबर लूर त्या बाजूला झुकतो. या झुकण्याचा वेग आणि पल्ला म्हणजेच त्याची चाल. रुंद आणि खोल पान सावकाश, ऐसपैस डोलते. अरुंद आणि उथळ पान जलद थरथरते. बाक अगदीच कमी असेल तर लूर काठीसारखा सरळ येतो, आणि जास्त झाला तर तो गरागरा फिरू लागतो, त्याने तंगुसाला पीळ पडतो आणि पुढे पीळ सोडवणारी भोवरकडी असूनही गुंता होतो. या दोहोंमधली जागा अरुंद आहे. ती सापडण्यासाठी परसातल्या दगडी डोणीइतकी, म्हणजे पाण्याच्या लांबट कुंडाइतकी, चांगली प्रयोगशाळा दुसरी नाही. हातभर तंगुसाला लूर बांधून डोणीच्या लांबीभर, हाताच्या वेगवेगळ्या गतीने ओढून पाहायचा, मग शेपटीकडचा बाक बोटांनी किंचित वाढवायचा, पुन्हा ओढायचा. कोणत्या गतीला तो जागा होतो, हे पाहायचे. चांगला लूर अगदी मंद गतीलाही जागा होतो आणि हात थांबवला तर मेल्यासारखा खाली न पडता डुलत, कुशीवर वळत बुडतो.

शेजारचे आबा आयुष्यभर रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर होते. माझी हातोडी चालू असताना ते अनेकदा येऊन बसतात. पहिल्यांदा त्यांनी पितळेचे पान बोटांत धरून विचारले होते, “ह्या भांड्याच्या तुकड्याक मासो गावतलो?” मी काही न बोलता ते डोणीतून ओढून दाखवले. त्यांनी पुन्हा एकदा ओढायला सांगितले, डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाले, “हो तर अर्ध्या मेलेल्या पेडव्यासारखो चलता.” माझ्या दृष्टीने याहून नेमकी पारख नाही. शिकारी मासा झुंडीतला धडधाकट पेडवा पकडण्यासाठी दमत नाही, तो मागे पडलेला आणि तोल गेलेला मासा हेरतो. लूर घडवणाऱ्याला तेवढाच तोल गेलेला मासा घडवायचा असतो.

पानांखेरीज दुसरा प्रकार म्हणजे नळीचे जड लूर. ते लांब फेकता येतात आणि खोल पाण्यात टाकून वरखाली खेळवता येतात. एसीच्या दुरुस्तीतून निघालेली तीन अष्टमांश इंची तांब्याची नळी आठ सेंटिमीटर कापून तिच्यात शिसे ओतले तर साठ ग्रॅमचा लूर होतो. जगभर असे लूर करतात, आणि शिसे ३२७ अंशांवर वितळत असल्यामुळे ते घरच्या शेगडीवरही वितळते. नेमकी हीच सोय घातक आहे. साचा किंवा नळी किंचित ओली असेल तर पाण्याची क्षणात वाफ होऊन तप्त शिसे अंगावर उडते. त्याची धूळ आणि मळी हाताला, कपड्यांना आणि अंगणाला चिकटते, आणि शरीरात गेलेले शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात, दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतले शिसे काढणे तर सर्वांत वाईट, कारण त्यात आम्लही असते आणि विषारी वायूही सुटू शकतात. शिवाय खडपात अडकलेला लूर तिथेच राहतो. इंग्लंडमध्ये हंस पक्षी गळाची सांडलेली शिशाची वजने खडे समजून गिळत आणि विषबाधेने मरत, म्हणून १९८७ साली लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीवर तिथे बंदी आली.

ज्या घरात मुले आहेत, ज्या अंगणात पापड-सांडगे वाळतात, तिथे शिसे वितळवू नये असे मी आग्रहाने म्हणतो, आणि त्याला पर्यायही आहे. लेथच्या दुकानात स्टेनलेस सळीचे तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात. बारा मिलिमीटर जाडीच्या सळीचा आठ सेंटिमीटरचा तुकडा सत्तर ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे शिशाच्या नळीपेक्षा जेमतेम अडीच मिलिमीटर जाड होऊन वजन उलट जास्तच मिळते. त्याची दोन्ही टोके कटरवर तिरपी कापून घ्यायची, छिद्रे पाडायची आणि पॉलिशपेपरने चकाकी आणायची. तिरप्या कापामुळे तो सरळ न येता कधी डावीकडे तर कधी उजवीकडे निसटत येतो. त्याला शिशाच्या लूरचा मऊ डोल नाही, हे खरे, पण सुरमईसारख्या वेगाने झेपावणाऱ्या माशाला डोलाची फारशी फिकीर नसते.

कोणत्या पाण्यात कोणता धातू, याबद्दल खडपावर पुष्कळ वाद चालतात. हिवाळ्यात पाणी नितळ होते, तेव्हा मी कल्हईचे किंवा स्टीलचे लूर काढतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर खाडीला लाल पाणी येते, तेव्हा तांबे आणि निव्वळ पितळ. नितळ पाण्यातही लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, त्यामुळे खोलवर तांब्याचा तांबूसपणा उरत नाही, नुसता काळसर तजेला उरतो. काही जण लूरवर नेलपॉलिशचा लाल ठिपका देतात; मीही देतो, पण वरच्या पाण्यात खेळवायच्या लूरलाच. गढूळ पाण्यात मी रुंद पान निवडतो, कारण तिथे चोणक ते पाहण्याआधी त्याची थरथर ऐकतो.

समुद्रातून आल्यावर प्रत्येक लूर गोड्या पाण्यात धुऊन पुसावाच लागतो. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त हळूहळू झिजून निघते आणि लूर जागोजागी लालसर, ठिसूळ होतो. पितळेला टेकलेली साध्या लोखंडाची कडी एरवीपेक्षा कितीतरी लवकर गंजते, कारण दोन भिन्न धातू आणि मध्ये खारे पाणी एवढ्या सामग्रीवर बॅटरीच तयार होते आणि त्यात लोखंड खर्ची पडते. म्हणून कड्या स्टेनलेसच्याच घ्याव्यात.

गळ मात्र मी घरी करत नाही. सायकलच्या आऱ्यांपासून गळ वळणारे हौशी लोक मला ठाऊक आहेत आणि त्यांच्या हाताचे मला कौतुक आहे. तरीही गळाचे पोलाद वळवून, अणी काढून, मग कडक करून पुन्हा योग्य तेवढेच नरम करावे लागते, आणि त्यात जरा उणेअधिक झाले तर मोठ्या माशाच्या ओढीला तो एकतर सरळ होतो किंवा कट्‌कन तुटून माशाच्या तोंडात राहतो. विकतच्या लूरना बहुधा तीन टोकांचा गळ असतो. मी एकेरी मोठा गळ लावतो आणि त्याची उलटी अणी पकडीने दाबून सपाट करतो. चोणक म्हणजेच रायगडकडचा जिताडा हा मासा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे सर्वांत मोठे चोणक बहुतेक माद्याच असतात. अशी मादी सोडून द्यायची असेल तर तिच्या जबड्यात तीन टोके रुतलेली असून चालत नाही. एकेरी गळाचे वजन आणि पाण्यातला अडसर दोन्ही कमी असल्याने लूरची चाल सैल पडते, म्हणून गळ बदलला की लूर पुन्हा डोणीत ओढून पाहावा लागतो, आणि तो गरगरू लागला तर मागच्या छिद्रात आणखी एक कडी घातली की बहुतेक वेळा ठिकाणावर येतो.